आधी ॲम्ब्युलन्स, मग दादा: घरचे बाहेर असताना मदतनीसाच्या तयारीचं एक प्रकरण

हे प्रकरण कुठल्या एका घराचं नाही. बऱ्याच घरांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी जुळवून ते रचलं आहे. म्हणून यातल्या माणसांना नावं नाहीत, फक्त नाती आहेत: आजी, त्यांचा मुलगा, सून, आजींचा भाचा आणि आजींना सांभाळणाऱ्या मावशी.

घर आणि आजार

आजी ७९ वर्षांच्या. मधुमेह जुना. सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी मिश्र इन्सुलिन, शिवाय सकाळी साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी. हृदयाचे ठोके अनियमित पडतात, म्हणून रक्त पातळ करणारी गोळी आणि ठोक्यांचा वेग आवरायला मेटोप्रोलोल. वॉकर घेऊन चालतात, बोलायला खणखणीत, रात्री एकदा-दोनदा बाथरूमला उठतात.

मावशी दीड वर्षापासून दिवसा येत होत्या. मुलगा आणि सून बारा दिवस परदेशी जाणार होते, तेवढ्यापुरतं रात्रीही राहायला त्या तयार झाल्या. इन्सुलिन टोचणं, साखर मोजणं, गोळ्यांचा डबा भरणं हे सगळं त्यांना सरावाचं होतं. त्यामुळे घरच्यांना वाटलं, तयारी जवळजवळ झालेलीच आहे.

बावीस पानांची फाइल

मुलाने निघण्याच्या पंधरवडाभर आधी एक फाइल केली. औषधांच्या यादीपासून जुन्या तपासण्यांपर्यंत सगळं होतं, नीट छापलेलं, बावीस पानं, इंग्रजीत. मावशी मराठी वाचतात. इंग्रजी औषधांची नावं त्या गोळीच्या पाकिटाच्या रंगावरून ओळखतात. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, तरी फाइल करताना कोणाच्या लक्षात आलं नाही. अशी फाइल बहुधा आपल्या मनाच्या समाधानासाठी केलेली असते. डॉक्टरांच्या हातात पडली तर तिचा उपयोग आहेच, पण पहाटे अंधारात उभ्या असलेल्या बाईला ती कामाची नाही.

खरी अडचण पहिल्याच पानावर होती. ठळक अक्षरांत: काहीही झालं तरी आधी आम्हाला फोन करा. त्याखाली क्रमांक. मुलगा, सून, भाचा, नेहमीचे डॉक्टर, शेजारी, आणि सहाव्या ओळीवर ॲम्ब्युलन्स. शिवाय नातेवाइकांचा चौदा जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप, ‘आईची काळजी’ या नावाचा. (आणीबाणीत ग्रुपवर मेसेज टाकला की चौदा जण काळजी करतात आणि चौदाही जणांना वाटतं की दुसरा कोणीतरी निघाला असेल.)

‘आधी आम्हाला फोन करा’ ही सूचना जवळपास प्रत्येक घरात असते. ती प्रेमापोटी दिलेली असते आणि तिच्याइतकी धोक्याची दुसरी सूचना नाही. मदतनीसाला ती सांगते की निर्णय तुझा नाही. जिची नोकरी या घरावर अवलंबून आहे ती बाई मग परवानगी मिळेपर्यंत थांबते. उगाच गोंधळ घातला म्हणतील, ॲम्ब्युलन्सचे पैसे कोण देईल, आजींना काही झालं तर माझ्यावर येईल, हे सगळे विचार तिच्या डोक्यात एकाच वेळी असतात. कशाला आपत्ती म्हणायचं हे तिला बहुतेक वेळा कळतं. अडतं ते पुढे: आपण ठरवायचं की नाही, इथे.

एका दुपारची तालीम

सुनेने सुचवलं की एकदा करून बघू. आजी पलंगावर आडव्या झाल्या. त्यांना या प्रकाराची गंमतच वाटत होती. सून म्हणाली, “मावशी, समजा आईंचं तोंड एका बाजूला वाकडं झालंय, हात उचलत नाहीये. करा तुम्ही काय करायचं ते.”

मावशींनी फोन उचलला आणि शेजारच्या खोलीत बसलेल्या दादांना लावला.

“दादा विमानात आहेत. फोन बंद.”

“मग वहिनी, तुम्हाला लावते.”

“मीही त्याच विमानात आहे.”

मावशी थांबल्या. मग डॉक्टरांना लावते म्हणाल्या. डॉक्टरांचा दवाखाना त्या दिवशी बंद असतो, हे आजींनीच पलंगावरून सांगितलं. शेवटी ॲम्ब्युलन्स. मुलगा पलीकडचा माणूस झाला आणि त्याने पहिला प्रश्न विचारला: पत्ता? मावशींना घरी यायचा रस्ता पाठ होता, पण इमारतीचं नाव, घराचा क्रमांक आणि मजला सलग सांगता येईना. दीड वर्ष रोज येणाऱ्या माणसाला पत्ता सांगायची वेळ येतेच कधी?

अर्ध्या तासात आणखी बरंच बाहेर आलं. रात्री खालच्या दाराला कुलूप असतं आणि त्याची किल्ली फक्त मुलाच्या जुडग्यात. साखर मोजायच्या पट्ट्यांची मुदत उलटून गेलेली. विम्याची कागदपत्रं कपाटात, कपाटाची किल्ली पुन्हा त्याच जुडग्यात. मावशींच्या फोनची बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकत नाही. फाइलच्या बावीस पानांत यातलं एकही नव्हतं, कारण फाइल बसून लिहिली होती.

तालमीची ही पद्धत मला व्याख्यानापेक्षा शंभर पटीने बरी वाटते. समजावून सांगितलं की माणूस मान डोलावतो, आपल्यालाही वाटतं समजलं. करून दाखवायला सांगितलं की हात कुठे अडखळतात ते दिसतं. रुग्णालयांत परिचारिकांना ‘टीच-बॅक’ शिकवतात तेही याच जातीचं: सांगितलेलं ऐकणाऱ्याने स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं, आणि चुकलं तर सांगणाऱ्याने आपलं सांगणं सुधारायचं.

मावशींनी लिहिलेला कागद

फाइल डॉक्टरांसाठी ठेवली, तिच्या वर सगळ्या औषधांची आणि वेळांची एक पानी यादी लावली. मावशींसाठी एकच कागद, मावशींच्याच अक्षरात. मुलगा लिहून देणार होता, सुनेने थांबवलं. त्या लिहितील तेच त्यांना वाचता येईल, म्हणाली.

सर्वांत वर: ‘आधी ॲम्ब्युलन्स, मग दादा.’ त्याच्याखाली मुलाचं अक्षर आणि सही: ‘हे मीच सांगितलं आहे. गरज नव्हती असं नंतर कळलं तरी चालेल. खर्च आमचा.’ मग पत्ता, मजल्यासकट, मोठ्या अक्षरांत.

त्याखाली काय लिहायचं यावर थोडा वाद झाला. मुलाला सगळे आजार हवे होते. नेहमीच्या डॉक्टरांनी यादी तीनवर आणली. आजींची औषधं बघितली की या शरीरात काय होण्याची शक्यता जास्त, ते कळतं. इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड आहे म्हणजे साखर खाली जाणं. ठोके अनियमित आहेत म्हणजे हृदयात गुठळी होऊन मेंदूत जाणं, अर्थात पक्षाघात. आणि वॉकरवर चालणारं, रक्त पातळ करणारी गोळी घेणारं माणूस पडलं तर आत रक्तस्राव. या तिन्हींची चांगली तयारी, बाकी सगळ्याला एकच उत्तर: शंका आली की ॲम्ब्युलन्स.

साखरेचं आधी. रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या (प्रति डेसिलिटर) खाली गेली तर लगेच १५ ग्रॅम झटपट साखर, म्हणजे सपाट तीन-चार लहान चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून. १५ मिनिटांनी परत मोजायचं, अजूनही ७० खाली असेल तर पुन्हा तेवढंच. वर आल्यावर थोडं खायला. चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर सावकाश चढते. शुगर-फ्री काहीही निरुपयोगी. डॉक्टरांनी इथे एक गोष्ट सांगितली जी घरच्यांनाही ठाऊक नव्हती. मेटोप्रोलोलसारख्या गोळीमुळे साखर उतरताना होणारी थरथर आणि धडधड झाकली जाऊ शकते, घाम मात्र येतो. म्हणून मावशींनी लक्षणांत पहिला शब्द लिहिला ‘घाम’, दुसरा ‘भलतंच बोलणं’. आणि लाल पेनाने: आजी नीट शुद्धीवर नसतील, गिळत नसतील तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं, ॲम्ब्युलन्स. गालात साखर कोंबून श्वासनलिकेत गेलेली उदाहरणं कमी नाहीत.

पक्षाघाताचं वेगळं. हसायला सांगा, दोन्ही हात वर करायला सांगा, एक वाक्य म्हणायला सांगा. तिन्हीपैकी एकातही फरक दिसला की फोन. घरातली ॲस्पिरिन द्यायची नाही, कारण झटका गुठळीचा आहे की रक्तस्रावाचा हे स्कॅनशिवाय कळत नाही. आणि वेळ लिहायची. लक्षणं दिसली ती वेळ तर हवीच, पण त्याहून महत्त्वाची असते आजी शेवटच्या ठणठणीत कधी दिसल्या ती. गुठळी विरघळवणारं औषध सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि घड्याळ तिथून सुरू होतं. ज्यांना रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे त्यांना ते औषध बहुधा देता येत नाही, पण गुठळी नळीवाटे काढायचा पर्याय उरू शकतो. त्यामुळे त्या गोळीचा शेवटचा डोस कधी दिला हेही डॉक्टर आल्या आल्या विचारतात. यासाठी पलंगाशी एक वही ठेवली. रात्री आजी उठल्या की फक्त वेळ टिपायची.

पडण्याबद्दल मावशींची सवय मोडायला सर्वांत जास्त वेळ लागला. पडलेल्या माणसाला आपण धावत जाऊन उचलतो. ते नाही करायचं. आधी बोला, कुठे दुखतंय विचारा, पाय बघा. एक पाय आखूड किंवा बाहेरच्या बाजूला वळलेला दिसला तर खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं. डोकं आपटलं असेल तर आजी हसत गप्पा मारत असल्या तरी रुग्णालय, कारण पातळ झालेलं रक्त काही तासांनीही साचू शकतं.

छाती दाबायचं प्रशिक्षण मावशींनी अर्ध्या दिवसात घेतलं: कठीण पृष्ठभागावर, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, फोन स्पीकरवर ठेवून पलीकडचा माणूस सांगेल तसं. ते यायलाच हवं. पण बऱ्याच घरांची सगळी तयारी याच एका गोष्टीवर खर्च होते आणि घामाबद्दल कोणी बोलत नाही, हे मला पटत नाही.

यातूनच एक अवघड प्रश्न पुढे आला: आजींना स्वतःला काय हवंय? छाती दाबणं, व्हेंटिलेटर? मुलगा विषय टाळत होता. आजींनीच सांगितलं की रुग्णालयात न्या, प्रयत्न करा, पण महिनोन्महिने यंत्रावर ठेवू नका. हे डॉक्टरांसमोर बोलणं झालं आणि फाइलमध्ये नोंदलं गेलं. मावशींच्या कागदावर ते मुद्दाम घातलं नाही. त्यांनी जीव वाचवायचा प्रयत्न करायचा, एवढंच. कुठे थांबायचं हे ठरवायचं ओझं पगारी माणसावर टाकू नये.

वीस मिनिटांवर राहणाऱ्या भाच्याचं कामही नेमकं ठरलं. रुग्णालयात पोचणं, सह्या, पैसे. जीव वाचवण्याचे तातडीचे उपचार सहसा सहीसाठी अडत नाहीत, पण शस्त्रक्रिया किंवा दाखल करायचं म्हटलं की घरचं कोणीतरी लागतं, आणि मावशींना तो अधिकार नाही. भाच्याला फोन करायचा तो कळवण्यासाठी, परवानगी मागायला नव्हे. हा फरक त्याला दोनदा सांगावा लागला.

सहावी रात्र

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी मावशींना आवाजाने जाग आली. आजी काहीतरी पुटपुटत होत्या, शब्द एकमेकांत अडकलेले. कपाळ, मान घामाने भिजलेली. उजवा हात वर करायला सांगितला तर अर्ध्यावरून खाली आला. चेहरा सरळ होता.

इथे दोन रकान्यांची लक्षणं एकाच वेळी दिसत होती: घाम पहिल्यातला, हात आणि बोलणं दुसऱ्यातलं. साखर खूप उतरली की अगदी पक्षाघातासारखी एका बाजूची कमजोरी येऊ शकते, हे मावशींना माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांनी कागदाप्रमाणे केलं. ॲम्ब्युलन्सला फोन लावून स्पीकरवर ठेवला, पत्ता सांगितला आणि बोलता बोलता बोटाला सुई टोचली. ४८.

आजी हाकेला ओ देत होत्या, चमचाभर पाणी नीट गिळलं. उशीला टेकवून बसवून ग्लुकोजचं पाणी दिलं. मग भाच्याला फोन. पंधरा मिनिटांनी ६३, पुन्हा तेवढंच. पाच चाळीसला साखर १०२ झाली, हात जवळजवळ पूर्ण वर जात होता आणि आजी स्पष्ट शब्दांत विचारत होत्या की एवढ्या सकाळी ही माणसं घरात कशाला आली. ॲम्ब्युलन्स दारात होती.

खरी कसोटी त्यानंतर लागली. भाच्याने परदेशी फोन लावला होता, तो आता मावशींच्या कानाशी. मुलगा म्हणाला, “शुगरच लो झाली होती ना? आता बरी आहे ना ती? मग कशाला हलवता? रुग्णालयात नेलं की अजून दहा गोष्टी काढतील.”

मावशी काही बोलल्या नाहीत. मागून सुनेचा आवाज आला, “अहो, कागदावर सही तुमचीच आहे.”

आजींना नेलं. वहीत शेवटची नोंद अडीचची होती: ‘बाथरूम. नीट बोलल्या.’ रक्त पातळ करायची गोळी रात्री साडेआठला. तातडीच्या विभागात या दोन वेळा विचारल्या गेल्या आणि दोन्ही तिथल्या तिथे मिळाल्या. हा पक्षाघात असता तर साडेचार तास सकाळी सातला संपले असते. घड्याळ पाच दहाला सुरू झालेलं नव्हतं.

मेंदूचा स्कॅन स्वच्छ निघाला. मात्र दोन तासांनी साखर परत ५८ वर आली आणि शिरेतून ग्लुकोज सुरू करावं लागलं. ग्लिमेपिराइड शरीरात रेंगाळतं. त्याने उतरलेली साखर एकदा वर आणली म्हणून काम संपत नाही, ती पुन्हा पुन्हा पडते. आजींच्या रक्ततपासणीत मूत्रपिंडांचं काम पूर्वीपेक्षा मंदावलेलं दिसलं, म्हणजे गोळी आणि इन्सुलिन दोन्ही आता जास्त वेळ आत राहत होती. चोवीस तास देखरेखीखाली ठेवून घरी सोडलं. मुलाच्या म्हणण्यानुसार पाच चाळीसला थांबले असते तर दुसरी घसरण घरात झाली असती, सगळे निर्धास्त झाल्यावर.

कागदात राहिलेलं भोक

या रात्रीचं कौतुक बरंच झालं आणि ते रास्त आहे. पण प्रकरण म्हणून बघताना मला आदली संध्याकाळ जास्त महत्त्वाची वाटते. मावशींनी सांगितल्याप्रमाणे जेवणाआधी पूर्ण डोस टोचला. आजी चार घास खाऊन उठल्या, भूक नाही म्हणाल्या. मावशींना ते खटकलं, वहीत लिहिलंही: ‘जेवण अर्धं.’ पण पुढे काय करायचं हे कोणी सांगितलेलं नव्हतं. झोपताना साखर मोजायची? कोणाला विचारायचं? कागद आणीबाणीपासून सुरू होत होता, आणि ही आणीबाणी आठ-नऊ तास आधीच सुरू झाली होती.

याचा दोष मावशींकडे जात नाही. घरच्यांकडेही पूर्ण जात नाही. इन्सुलिन लिहून देताना ‘जेवण कमी झालं, उलटी झाली, ताप आला तर काय’ हे रुग्णाच्या घरी कोण टोचतं त्या माणसाला सांगायला हवं. इथे ते मुलाला कधीतरी तोंडी सांगितलं गेलं असेल. मावशींपर्यंत पोचलं नव्हतं.

डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड बंद केलं, संध्याकाळचा डोस कमी केला आणि साखरेचं उद्दिष्टही सैल केलं. या वयात, इतक्या आजारांसोबत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी तपासणी) ८ टक्क्यांच्या आसपास चालतं. सातच्या खाली आणायच्या हट्टात अशा पहाटा येतात. मावशींच्या कागदाच्या मागच्या बाजूला आता संध्याकाळ आहे: आधी साखर मोजायची, किती खाणार ते आजींना विचारायचं, अर्धं जेवण झालं तर झोपताना पुन्हा मोजायची आणि ठरवून दिलेल्या आकड्याखाली असेल तर दवाखान्याच्या रात्रीच्या क्रमांकावर फोन. हा आकडा डॉक्टरांनी आजींपुरता दिलेला आहे, तो दुसऱ्या घरात उचलून चालणार नाही.

दोन गोष्टींवर घरात अजून एकमत नाही. मुलाला आजींच्या खोलीत कॅमेरा हवा आहे. मावशींना तो नको, आणि आजींनाही नको. सध्या तो बैठकीच्या खोलीत बसवायचं चाललंय. दुसरी गोष्ट झोपेची. बारा दिवस, दिवसरात्र, एकच माणूस. सहाव्या रात्री मावशींना जाग आली ती आजी पुटपुटल्या म्हणून. पुढच्या वेळी रात्रीसाठी वेगळी बाई ठेवायची असं सून म्हणते, मुलगा खर्चाचा हिशोब करतो आहे, आणि नवी बाई आली तर तिलाही तालमीतून जावं लागेल, असं मावशींनी आधीच बजावून ठेवलं आहे.